सौरचक्रातील सौर वाऱ्याचे बदलते स्वरूप

सौर वारा (सौर वात) म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणातून, अर्थात किरीटातून, सर्व दिशांना अखंड बाहेर पडणारा विद्युतभारित कणांचा प्रवाह होय. त्यात मुख्यतः प्रोटॉन व इलेक्ट्रॉन आणि थोड्या प्रमाणात हेलियमची अणुकेंद्रके असतात. या प्रवाहाबरोबर सूर्याचे चुंबकीय क्षेत्रही अवकाशात ओढले जाते. सौर वाऱ्याचा वेग, घनता आणि रचना सुमारे ११ वर्षांच्या सौरचक्रानुसार बदलतात. सौर डाग सर्वाधिक असताना पृथ्वीवर या वाऱ्याचा परिणामही सर्वाधिक होत असावा, असा समज सहज होतो. परंतु प्रत्यक्ष नोंदींतून दिसणारे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. या नोंदींच्या जगातील सर्वांत दीर्घ मालिकांपैकी एक मुंबईतील कुलाबा व त्यानंतर अलिबाग येथील चुंबकीय वेधशाळांमध्ये तयार झाली आहे.

शोधाची पार्श्वभूमी

सौर डागांची संख्या ठरावीक कालावधीने कमी-जास्त होते, हे जर्मन निरीक्षक हाइनरिख श्वाबे यांनी १८४३ मध्ये दाखवून दिले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळही याच तालावर चालते, हे पुढील दशकात लक्षात आले. मात्र १५ कोटी किलोमीटरवरील सूर्य पृथ्वीवरील चुंबकसूचीला कसा हलवतो, याचे उत्तर मिळण्यास आणखी शंभर वर्षे लागली. धूमकेतूंच्या शेपट्या सूर्याच्या विरुद्ध दिशेला का वळलेल्या असतात, याचा विचार करताना लुटविग बिअरमान यांनी १९५१ मध्ये सूर्यापासून कणांचा सतत प्रवाह निघत असला पाहिजे असे अनुमान काढले. युजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये या प्रवाहाचा सिद्धांत मांडला. दहा लाख अंशांहून अधिक तापलेला किरीट सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाला स्थिर राहून तोलू शकत नाही, तो बाहेर वाहत राहणे अटळ आहे, हे त्यांच्या गणिताचे सार होते. हा निष्कर्ष प्रारंभी अनेकांना पटला नव्हता. सोव्हिएत ल्यूना यानांनी १९५९ मध्ये या कणांचे पहिले प्रत्यक्ष वेध घेतले आणि १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाने वाटेत अनेक महिने सलग मोजमाप करून शंकेला जागा ठेवली नाही.

जलद वारा आणि मंद वारा

सौर वारा एकसारखा नसतो. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आढळतात. मंद वाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे ३०० ते ४५० किलोमीटर असतो. तो तुलनेने दाट आणि अनियमित असतो. जलद वाऱ्याचा वेग सेकंदाला ७०० ते ८०० किलोमीटर असून तो विरळ व एकसंध असतो. पृथ्वीजवळ एका घनसेंटीमीटरमध्ये साधारणपणे ५ ते १० प्रोटॉन असतात, म्हणजे प्रयोगशाळेतील उत्तम निर्वातापेक्षाही ही जागा कितीतरी अधिक रिकामी असते. तरीही सूर्य या मार्गाने दर सेकंदाला १० लाख टनांहून अधिक द्रव्य गमावतो.

या दोन प्रकारांचे मूळ सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रात आहे. काही भागांत चुंबकीय बलरेषा सूर्यपृष्ठातून निघून कमान करून पुन्हा पृष्ठातच शिरतात. तेथे प्लाझ्मा अडकून राहतो. अन्य भागांत बलरेषा परत न येता थेट अवकाशात उघडतात. तेथून प्लाझ्मा विनाअडथळा निसटतो, त्यामुळे तो भाग रिकामा, थंड आणि क्ष-किरण छायाचित्रात काळा दिसतो. यालाच किरीटविवर म्हणतात. जलद वारा किरीटविवरांतून येतो, हे १९७३-७४ मधील स्कायलॅब मोहिमेच्या काळात स्पष्ट झाले. मंद वाऱ्याचा उगम मात्र अद्याप पूर्णपणे उलगडलेला नाही. तो बंद कमानींच्या टोकांवरील किरीटशिखांच्या परिसरातून व किरीटविवरांच्या कडांवरून येतो, एवढे निश्चित दिसते.

सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने हा प्रवाह अवकाशात सर्पिल आकार घेतो. दिवाळीतील भुईचक्रातून सुटणारी प्रत्येक ठिणगी सरळ बाहेर जाते, पण चक्र फिरत असल्याने ठिणग्यांची रांग मात्र वक्र दिसते. सौर वाऱ्याचेही तसेच आहे. पृथ्वीच्या कक्षेपाशी या सर्पिलाचा सूर्य-पृथ्वी रेषेशी सुमारे ४५ अंशांचा कोन होतो. सूर्याच्या उत्तर व दक्षिण गोलार्धांतून निघणाऱ्या बलरेषांच्या दिशा परस्परविरुद्ध असतात. या दोहोंना विभागणारा एक विशाल पातळ पडदा सूर्याभोवती पसरलेला असतो. त्याला सूर्यावरणीय विद्युतप्रवाह-पत्र म्हणतात. फुगडी घालताना परकराचा घेर जसा वरखाली लहरतो, तसे हे पत्र सूर्याबरोबर फिरताना लहरते. त्यामुळे पृथ्वी कधी त्याच्या वर, तर कधी खाली येते.

चक्राच्या अवस्थांनुसार होणारे बदल

किमान अवस्थेत सूर्याचे चुंबकीय क्षेत्र साध्या पट्टीचुंबकासारखे असते. दोन्ही ध्रुवांवर मोठी किरीटविवरे पसरलेली असतात आणि मंद वारा विषुववृत्तालगतच्या पट्ट्यापुरता मर्यादित राहतो. विद्युतप्रवाह-पत्र जवळजवळ सपाट असते. ही रचना युलिसिस यानाने प्रथम प्रत्यक्ष तपासली. १९९० मध्ये निघालेल्या या यानाने गुरूच्या गुरुत्वाकर्षणाचा उपयोग करून ग्रहांच्या कक्षांचे प्रतल सोडले आणि ते सूर्याच्या ध्रुवांवरून गेले. १९९४-९५ मधील फेरीत त्याला विषुववृत्तापासून सुमारे २० अंशांपर्यंत मंद वारा आणि त्यापलीकडे थेट ध्रुवापर्यंत सेकंदाला सुमारे ७५० किलोमीटर वेगाचा, विलक्षण एकसारखा वारा आढळला.

कमाल अवस्थेत ही शिस्त मोडते. ध्रुवीय विवरे आक्रसून नाहीशी होतात, त्यांच्याऐवजी लहान विवरे कोठेही उघडतात व मिटतात. विद्युतप्रवाह-पत्र इतके तिरके व सुरकुतलेले होते की ते ध्रुवांच्या जवळ पोहोचते. युलिसिसच्या २०००-०१ मधील दुसऱ्या फेरीत जवळजवळ सर्व अक्षांशांवर मंद व जलद वाऱ्याची सरमिसळ होती. याच काळात सूर्याचे ध्रुव आपापसांत बदलतात, म्हणजे उत्तर चुंबकीय ध्रुव दक्षिण होतो. या दृष्टीने पाहिल्यास पूर्ण चुंबकीय चक्र ११ नव्हे तर सुमारे २२ वर्षांचे असते. मंद वाऱ्यातील हेलियमचे प्रमाणही बदलते. कमाल अवस्थेत ते ४ ते ५ टक्क्यांच्या आसपास असते, तर किमान अवस्थेत १ ते २ टक्क्यांपर्यंत घसरते.

कमाल काळात आणखी एक घटक महत्त्वाचा ठरतो. किरीटातील बलरेषा अकस्मात तुटून जोडल्या गेल्या की अब्जावधी टन प्लाझ्मा एकाच वेळी अवकाशात फेकला जातो. या घटनेला किरीटीय द्रव्य उत्सर्जन म्हणतात. किमान काळात काही दिवसांत एखादे होणारे असे उत्सर्जन कमाल काळात दिवसाला अनेकदा होते. काटेकोरपणे पाहता हा सौर वारा नसून त्यात उठलेले वादळ आहे; परंतु पृथ्वीपर्यंत पोहोचताना ते याच वाऱ्यातून वाट काढते, म्हणून त्याचा वेगही भोवतालच्या वाऱ्यावर अवलंबून राहतो.

उतरती अवस्था, म्हणजे कमाल ओसरल्यानंतरची काही वर्षे, सामान्य वर्णनांत बहुधा दुर्लक्षित राहते. पृथ्वीच्या दृष्टीने ती अत्यंत महत्त्वाची आहे. या काळात ध्रुवीय विवरे पुन्हा वाढू लागतात आणि त्यांचे फाटे विषुववृत्तापर्यंत, काही वेळा त्याच्याही पलीकडे उतरतात. अशा फाट्यातून निघालेला जलद झोत सूर्याबरोबर फिरत सुमारे २७ दिवसांनी पृथ्वीवरून पुन्हा जातो. पुढे असलेल्या मंद वाऱ्यावर मागून येणारा जलद वारा आदळतो, दोहोंमध्ये दाट व तीव्र चुंबकीय क्षेत्राचा पट्टा तयार होतो आणि पृथ्वीवर मध्यम स्वरूपाची चुंबकीय वादळे दर २७ दिवसांनी, कित्येकदा अनेक महिने, येत राहतात. १९७४, १९९४ आणि २००३ ही अशा झोतांची ठळक वर्षे होती. २००३ मध्ये सौर डागांची संख्या २००० च्या तुलनेत निम्म्याहून थोडीच अधिक उरली होती, तरी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळ त्या चक्रात सर्वाधिक याच वर्षी नोंदली गेली.

अवकाशयुगापूर्वी हीच गोष्ट कोड्यासारखी होती. सूर्यावर एकही डाग नसताना ठरल्या दिवशी वादळ येई. जर्मन भूभौतिकीतज्ज्ञ युलियस बार्टेल्स यांनी १९३० च्या दशकात सूर्यावरील या अदृश्य जागांना 'एम क्षेत्रे' असे नाव दिले होते. ती क्षेत्रे म्हणजेच किरीटविवरे होती.

कुलाबा–अलिबाग येथील नोंदी

ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईतील कुलाबा येथे १८२६ मध्ये वेधशाळा स्थापन केली. तेथे १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली आणि १८४६ पासून ती नियमित झाली. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन यांनी इंग्लंडमध्ये सूर्यावर एक तेजस्वी ज्वाला पाहिली. त्यानंतर १८ तासांच्या आतच, मुंबईत २ सप्टेंबरची सकाळ असताना, कुलाब्यातील चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्याची नोंद तेथील निरीक्षकांनी हाताने केली. या भागात हा घटक ३८ हजार नॅनोटेस्लांच्या आसपास असतो. म्हणजे ही घट चार टक्क्यांहून अधिक होती. १५ कोटी किलोमीटर अंतर इतक्या अल्प वेळात कापण्यासाठी सेकंदाला सरासरी २,३०० किलोमीटरहून अधिक वेग लागतो. उच्च अक्षांशांवरील अनेक वेधशाळांमध्ये नोंद मापनमर्यादेबाहेर गेल्याने अपुरी राहिली. त्यामुळे कमी अक्षांशावरील कुलाब्याची ही नोंद या वादळाची तीव्रता ठरवण्यासाठी आजही मुख्य आधार मानली जाते.

विषुववृत्ताजवळच्या वेधशाळेचे महत्त्व वेगळ्याच कारणासाठी आहे. सौर वाऱ्यातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असले, की ते पृथ्वीच्या उत्तराभिमुख क्षेत्राशी जोडले जाते आणि ऊर्जा आत शिरते. त्यातून पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर अंतरावर विद्युतप्रवाहाचे एक वलय निर्माण होते व त्याच्या परिणामाने कमी अक्षांशांवरील क्षैतिज घटक घटतो. ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्यातील स्थानिक गोंधळ येथे पोहोचत नाही, त्यामुळे वादळाची वाढ व ओसर स्वच्छ दिसते.

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत या मालिकेपुढे मोठा प्रश्न उभा राहिला. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या होत्या. रुळांतून व जमिनीतून परतणाऱ्या विद्युतप्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र सूर्यामुळे होणाऱ्या सूक्ष्म बदलांना सहज झाकून टाकते. त्यामुळे कुलाब्याहून सुमारे ३० किलोमीटरवर, खाडीपलीकडे अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या बांधकामात चुंबकीय गुणधर्म नसलेले साहित्य वापरले गेले. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली, म्हणजे दोन जागांमधील फरक मोजता येऊन मालिका अखंड राहील. ट्राम १९०७ मध्ये धावू लागली. पुढे उपनगरी रेल्वेचेही विद्युतीकरण झाले. सांताक्रूझवरून जाणारा बोरिवलीपर्यंतचा मार्ग १९२८ मध्ये एकदिश प्रवाहावर आला. वेधशाळा शहरात किंवा उपनगरांत राहिली असती, तर विसाव्या शतकातील सौरचक्रांची नोंद लोकलगाड्यांच्या वेळापत्रकाखाली दबली असती. (अलिबागसमोरच्या जलदुर्गाचे आणि पूर्वीच्या जिल्ह्याचे नावही कुलाबाच होते, त्यामुळे वाचकांचा गोंधळ होतो. जुन्या चुंबकीय नोंदींतील कुलाबा मात्र मुंबईचा आहे.)

मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील नोंदींचे विश्लेषण १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले. साठ वर्षांच्या या सामग्रीत पाच सौरचक्रांहून अधिक काळ सामावलेला होता. सौर वारा ही संकल्पनाच अस्तित्वात नसताना केलेले हे काम नंतरच्या चुंबकीय वादळांच्या अभ्यासाचा पाया ठरले. अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत असून संस्थेचे मुख्यालय नवी पनवेल येथे आहे. १९७१ मध्ये स्वायत्त झालेल्या या संस्थेकडे मुंबईच्या जागतिक भूचुंबकीय माहिती केंद्राचेही काम आहे.

रेडिओ ताऱ्यांच्या लुकलुकण्यातून मापन

यान एका वेळी एकाच जागी असते. सौर वाऱ्याची संपूर्ण रचना पाहण्यासाठी दुसरी पद्धत वापरली जाते. वातावरणातील हालचालींमुळे तारे जसे लुकलुकतात, तसे दूरचे रेडिओस्रोत सौर वाऱ्यातील घनतेच्या चढउतारांमुळे लुकलुकतात. या आंतरग्रहीय लुकलुकीचा वेग व प्रमाण मोजले, की दृष्टिरेषेवरील वाऱ्याचा वेग काढता येतो. आकाशात असे शेकडो स्रोत उपलब्ध असल्याने सूर्याच्या सर्व अक्षांशांवरील वाऱ्याचा नकाशा तयार होतो.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली उटी येथील रेडिओ दुर्बीण या कामासाठी विशेष उपयुक्त ठरली. ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद असलेली ही दुर्बीण तेथील अक्षांशाइतकाच उतार असलेल्या डोंगरावर बांधली आहे, त्यामुळे एकाच अक्षाभोवती फिरून ती स्रोताचा तासन्‌तास पाठलाग करू शकते. त्याच गटाने त्याआधी १९६० च्या दशकात कल्याण येथे ३२ लहान तबकड्यांची मांडणी करून सूर्याची निरीक्षणे केली होती. उटीची दुर्बीण व जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण या दोन्ही आज पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे आहेत. उटीच्या निरीक्षणांवरून पी. के. मनोहरन यांनी २२ व्या चक्रापासून पुढील काळातील सौर वाऱ्याचे त्रिमितीय चित्र मांडले. २३ व्या व २४ व्या चक्रांमधील किमान अवस्थेत मंद वाऱ्याचा पट्टा आधीच्या किमान अवस्थेपेक्षा रुंद होता, असे त्यातून दिसले.

सर्व किमान अवस्था सारख्या नसतात

हा निष्कर्ष एकटा नव्हता. २००८ मध्ये २६० हून अधिक दिवस सूर्यावर एकही डाग नव्हता आणि २००९ मध्ये पृथ्वीवरील चुंबकीय खळबळ अनेक दशकांतील नीचांकावर आली. युलिसिसच्या २००६-०८ मधील तिसऱ्या फेरीत वाऱ्याचा वेग जवळपास पूर्वीइतकाच, पण दाब सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. सूर्याची ध्रुवीय क्षेत्रे दुर्बळ झाल्याने ध्रुवीय विवरे लहान राहिली, हे याचे कारण मानले जाते. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील पी. जनार्दन व सहकाऱ्यांनी लुकलुकीच्या दीर्घ नोंदी तपासून सौर वाऱ्यातील सूक्ष्म खळबळ १९९५ च्या सुमारापासूनच घटत असल्याचे दाखवले. म्हणजे २००८ ची शांतता अचानक आलेली नव्हती. त्यानंतरचे २४ वे चक्र शंभर वर्षांतील सर्वांत दुर्बळ चक्रांपैकी एक ठरले.

चक्रातील स्थानावरून एखाद्या दिवसाचे भाकीत करता येत नाही, याचे उदाहरण ११ मे १९९९ रोजी मिळाले. चक्र चढत असताना पृथ्वीजवळील सौर वाऱ्याची घनता एका घनसेंटीमीटरमध्ये एक कणाहूनही खाली गेली आणि पृथ्वीचे चुंबकीय आवरण नेहमीच्या कित्येक पट फुगले. या घटनेला 'सौर वारा नाहीसा झाला तो दिवस' असे गमतीने म्हटले जाते.

सूर्यावरण आणि वैश्विक किरण

सौर वारा आकाशगंगेतून येणाऱ्या वैश्विक किरणांना अडवतो. कमाल काळात विस्कटलेले चुंबकीय क्षेत्र हा अडथळा वाढवते, म्हणून पृथ्वीवर पोहोचणारे वैश्विक किरण तेव्हा घटतात व किमान काळात वाढतात. सौर वाऱ्याने व्यापलेल्या सूर्यावरणाचा आकारही चक्राबरोबर काही प्रमाणात आकुंचन व प्रसरण पावतो. व्हॉयेजर-१ यानाने त्याची सीमा २०१२ मध्ये, सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे १२२ पट अंतरावर ओलांडली.

पंचविसावे चक्र व आदित्य-एल१

पंचविसावे सौरचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले. १०-११ मे २०२४ रोजी २००३ नंतरचे सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ झाले. लडाखमधील हानले येथे आकाशात तांबूस प्रकाशाची नोंद झाली. भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवरील एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. त्यावरील सौर वारा कण प्रयोग अहमदाबाद येथे व अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली. नेहमीचा मंद वारा या यानापासून पृथ्वीपर्यंत सुमारे एका तासात पोहोचतो. सेकंदाला १,००० किलोमीटर वेगाने येणाऱ्या उत्सर्जनाला जेमतेम २५ मिनिटे लागतात. यानाचे नियोजित आयुष्य पाच वर्षांचे असून ते कमाल अवस्थेच्या सुमारास कार्यरत झाले, त्यामुळे दर २७ दिवसांनी परतणाऱ्या झोतांचा उतरता काळ त्याच्या निरीक्षणकक्षेत येतो.